डफडं वाजलं की कुलूप

लसीच्या जीपवर मी कायम जळायचो. धारूरकडून घाट चढून ती यायची. टपावर दोन भोंगे, दोन्ही अंगांना फ्लेक्स, आणि आतून एक बाई गोड आवाजात, गाण्याच्या चालीवर, आयांना सांगायची की बाळाला लस द्या. पोरं तिच्यामागे धावायची, बाया लेकरं कडेवर घेऊन ओट्यावर यायच्या. फ्लेक्सवर पुढाऱ्याचं तोंड परातीएवढं आणि बाळ कोपऱ्यात लिंबाएवढं, तरी लोक कौतुकानं बघायचे. मी गावचा कोतवाल, तहसीलचा माणूस. माझ्या डफड्याला असा मान कधी मिळाला नाही. म्हणून लसीच्या जाहिरातीवरचा खर्च आवरायचा, असा आदेश वरून आल्याचं कळलं तेव्हा मला बरंच वाटलं. हॉटेलात चहा पिताना मी म्हणालोसुद्धा, "लई नाचत व्हती जीप. बसली का आता गप?"

आदेशाचं शेपूट मला नंतर कळलं. जीप बंद, फ्लेक्स बंद, भिंती रंगवणं बंद. लसीकरणाचा दिवस आता कोतवालानं दवंडी देऊन सांगायचा. कोतवाल काय, फुकटातला भोंगा.

माझं डफडं गावात कशासाठी वाजतं ते सांगायला हवं. शेतसारा थकला की वाजतं. कुणाच्या घरावर जप्ती येणार असली की वाजतं. गायरानावरचं अतिक्रमण काढायचं ठरलं की वाजतं. इतक्या वर्षांत त्यानं गावाला एकही चांगली बातमी दिलेली नाही. मी देवळासमोर नुसता पट्टा गळ्यात अडकवला तरी म्हातारी माणसं बोलता बोलता थांबतात. याची मला सवय झाली होती. वाईट वाटायचं, पण नोकरी म्हणून मी ते गिळत होतो.

गावाच्या वर, डोंगराच्या पोटाला एक वस्ती आहे. सगळी घरं गायरानावर. शेरडं राखायची आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जायचं, हा तिथला रिवाज. माझी लेक त्याच वस्तीत दिली आहे. त्या पावसाळ्यात अतिक्रमणाची दवंडी मीच तिथं दिली, तिच्याच अंगणात उभं राहून. घरं आपणहून काढा, नाहीतर सरकार काढेल. दवंडी संपली तशी लेकीनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि आत गेली. तांब्या तसाच ओट्यावर ठेवून मी निघालो.

त्यानंतर वस्तीनं आपला कायदा केला. खालून डफडं ऐकू आलं की दाराला कुलूप घालायचं, शेरडं सोडायची आणि डोंगरात जायचं. घरात माणूसच नसलं तर नोटीस बजावणार कुणावर?

आणि आता त्याच डफड्यानं मला त्याच वस्तीला लसीसाठी बोलवायचं होतं. माझी नात नऊ महिन्यांची झाली होती, तिची गोवराची लस राहिली होती. वस्तीची ऊसतोडीची टोळी लसीच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे कारखान्याकडे निघणार होती. एकदा उसाच्या फडात गेलं की लस राहिली ती राहिलीच. दिवस कळला तो आदल्या संध्याकाळी. वस्तीवरचा एकुलता फोन जावयापाशी आणि जावई टोळीच्या मुकादमाबरोबर केजला; अंधारात डोंगर चढणं माझ्यानं होणार नव्हतं. मी तहसीलच्या साहेबांना फोन करून म्हणालो, "साहेब, डफडं नको. मी घरोघर जाऊन सांगतो."

"दवंडी दिल्याचा पंचनामा लागतो. नियमात आहे तेवढं करा."

सकाळी मी आणि नर्सबाई निघालो. तिच्या खांद्याला बर्फाची निळी पेटी, माझ्या गळ्यात डफडं. सोबत पंचनाम्यावर सह्या करायला दोघे पंच. गावात दवंडी दिली तर निम्मी दारं लागली. ओळखीच्या चार बाया आल्या, त्याही घाबरत. मग डोंगराच्या पायथ्याला उभा राहून मी डफडं वाजवलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो की आज लस आहे, लेकरं घेऊन या. पण डफड्याचा आवाज वर जातो, शब्द जात नाहीत. हे मला तिथं उभं राहून कळलं.

वर पोचलो तर दारोदार कुलूप. लेकीच्या चुलीत अजून विस्तव होता. डोंगराच्या कडेला लेकीचं लुगडं हललं.

"सुई हाय, जप्ती न्हाई!" मी ओरडलो. "अगं बाई, मी हाय, तुझा बाप!"

लुगडं आणखी वर सरकलं. जप्तीवाला दुसरं काय म्हणणार? जेवढा मी ओरडत होतो तेवढी ती माझ्यापासून लांब जात होती. गप्प बसलो असतो तर तिला काहीच कळलं नसतं. नर्सबाईनं माझ्या दंडाला हात लावला.

"मामा, तुमी ओरडू नका आता. तुमच्या आवाजानंच ते पळायलेत."

उन्हं कलेपर्यंत ती थांबली. मग पेटीतला बर्फ चाचपून म्हणाली, बर्फ विरला की लस वाया जाते, आता निघायला हवं. मी तिला थांब कसं म्हणणार?

शेरडं दिवेलागणीला उतरली. लेक नातीला पदराखाली घेऊन आली.

"काहून गेलीस गं?" मी म्हणालो. "सुई व्हती."

ती उंबऱ्यात बसली. "आबा, आमाला काय ठावं? तुमचं डफडं वाजलं, म्हणून आमी गेलतो."

पहाटे ट्रॅक्टर आला. भांडी, शेरडं आणि माणसं भरून टोळी कृष्णाकाठी निघून गेली. काही आठवड्यांनी जावयाचा फोन आला. लेकराच्या अंगावर पुरळ उठलंय, डोळे उघडत नाही, श्वास धाप लागल्यासारखा चाललाय. मी एसटीनं गेलो. सरकारी दवाखान्यात खाटेवर नात दिसली, नाकाला नळी, ओठ सुकलेले. लेक चमच्यानं त्या ओठांवर पाणी सोडत होती. पोरगी वाचली, पण वाळून काटकी झाली.

उन्हाळ्याच्या तोंडाला टोळी परतली. नात चालायला लागली होती. नर्सबाई म्हणाली, गोवर होऊन गेला तरी लस द्यायचीच. दिवस ठरला, आदेश आला, दवंडी माझ्याच गळ्यात. या वेळी मी आधीच वर जाऊन सांगितलं. लेक म्हणाली, "वाजू दे आबा. मी न्हाई हलायची." वस्तीतल्या बाकीच्या बायांनाही तिनंच थोपवलं.

पंच बरोबर होते, म्हणून अंगणातच डफडं वाजवावं लागलं. लेक उंबऱ्यात ठाम बसलेली. नात मातीत खेळत होती. पहिली थाप पडली तशी ती उठली, लडबडत घरात गेली आणि खुंटीखाली पडलेलं कुलूप दोन्ही हातांनी उचलून आणून आईच्या मांडीवर ठेवलं. मग आईचा पदर धरून तिला डोंगराकडे ओढू लागली.

तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं; आईच्या कडेवरून बघितलेलं तेवढंच. लेकीनं तोंड फिरवलं. मी थाप अर्धी सोडली, पण पंचांनी मानेनंच 'पुरी करा' म्हणून खुणावलं आणि मी पुरी केली.

नर्सबाईनं लस टोचली तेव्हा नात नुसती कण्हली. पुढच्या वस्तीवरची दवंडी अजून बाकी होती. मी डफडं उचलून गळ्यात घातलं, आणि तेव्हा ती मोठ्यानं रडायला लागली.