सतरा नंबरची बशी

चियांगमाईच्या एका इस्पितळात, तळमजल्यावर, चानपेन सव्वीस वर्षं दमेकऱ्यांच्या फुप्फुसांतल्या पेशी मोजत आली होती. नळीनं छातीत मिठाचं पाणी सोडायचं, ते परत ओढायचं, आणि त्यातून आलेल्या राखणदार पेशी काचेच्या बशीत, अंगाएवढ्या उबेत जपायच्या. शेतं जाळायचे महिने आले की या पेशी काजळी खाऊन काळ्या होतात. चानपेन रोज सकाळी त्यांना हात जोडी आणि मग शिव्याही घाली. "राखण करायची सोडून घरच्यांवरच काय धावून जाता गं, भवान्यांनो?" बाई फटकळ, पण तिच्या नजरेला डॉक्टरही मानत. त्याचा तिला जरा जास्तच तोरा होता.

बशीवर नाव नसतं, नुसता नंबर. नावांची यादी मोजणी संपेपर्यंत डॉक्टरांच्या कपाटात बंद.

त्या मार्चात खाम्मून नावाची म्हातारी टोपलीत चिकट भात, उकडलेलं अंडं आणि पांढरा दोरा घेऊन दारात येऊन बसली. तिच्या दमेकरी मुलानं, इन्सोननं, दहा दिवसांपूर्वी नळी घालून घेतली होती. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, अन्नाला शिवत नव्हता.

"त्याचा जीव, त्याचं ख्वान, इथंच राहिलंय," म्हातारी म्हणाली. "नुसतं दचकलं तरी ते अंगातून निसटतं. तुम्ही तर नळीनं ओढून काढलंत! मला त्याला हाक मारू दे."

"आजी, इथं पेशी आहेत, भुतंखेतं नाहीत."

"मग तू कशाला घाबरतेस?"

पोरगा हातचा जाईल या धास्तीनं म्हातारी टोपली छातीशी कवटाळून बसली होती. चानपेनला ते बघवेना. जिच्यातल्या पेशी सर्वांत चवताळलेल्या तीच इन्सोनची बशी, असं तिनं ठरवून टाकलं आणि सतरा नंबरची काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"ये रे इन्सोन, ये बाळा. काचेवर नको राहूस. भात वाफाळतोय, घरी ये," म्हातारी बशीवर वाकून हाका मारू लागली.

चानपेनचा डोळा भिंगाला होता. सरपटणाऱ्या पेशी थांबल्या. सगळ्या, एकदम. म्हातारीनं बशीवरून दोरा फिरवला, मूठ मिटली आणि मागं न बघता निघून गेली. चानपेनच्या हातापायांत गारठा भरला, तो काही केल्या जाईना.

दुपारी मोजणी संपली आणि यादी उघडली. सतरापुढं चानपेनचंच नाव होतं. तुलनेला निरोगी माणूस मिळेना म्हणून त्याच खेपेला तिनं स्वतःच नळी घालून घेतली होती. आपली छाती दुखणेकरी असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तेवढ्यात म्हातारीचा फोन आला. ती रडता रडता हसत होती. "उठला गं! दोरा मनगटाला बांधला न बांधला तोच उठून बसला. नुसता एकच धोशा लावलाय, फा शाळेतून आली का म्हणून. आमच्यात कुणी फा नाही. कोण गं ही?"

फा चानपेनची मुलगी. म्हातारीच्या गावात कुणाला तिचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. चानपेन मुलीचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला गेली. येईना. ती विलक्षण घाबरली.

"आजी, चूक झाली. ते ख्वान त्याचं नव्हतं, माझं होतं! दोरा सोडा. परत या, माझ्या नावानं हाक मारा."

पलीकडं कुणीतरी भात खात असल्याचा आवाज तेवढा येत होता.

"पोरी," म्हातारी हळूच म्हणाली, "तो आत्ता कुठं जेवायला लागलाय गं." आणि तिनं फोन ठेवून दिला.