लाल पाटीची मुदत

इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात कुणीही लेख लिहू शकतं. ते लेख तपासायचं काम मी शाळेतली नोकरी सांभाळून करते. नवऱ्याच्या मते या लष्कराच्या भाकऱ्या. पण मला उचललेला मजकूर पकडायची चटकच लागली होती.

एकदा रापणीवरचा लेख आला. अख्ख्या वाडीने किनाऱ्यावर मिळून जाळं ओढण्याचं वर्णन इतकं सुरेख, की नवख्या माणसाचं वाटेना. शिवाय कुठेतरी वाचलेलं. कपाटातून मी शिकले त्या शाळेची जुनी स्मरणिका काढली. तीन परिच्छेद शब्दन् शब्द तेच, आणि खाली तेव्हाच्या मुख्याध्यापकांचं नाव. ते तर कधीच वारले. मी लेखावर लाल पाटी लावली: मजकूर चोरलेला दिसतो, सात दिवसांत खुलासा करावा, नाहीतर लेख काढला जाईल. त्या दिवशी मी फार खुशीत होते.

पाचव्या दिवशी कसालच्या बाजारात त्या शाळेतल्या आमच्या मराठीच्या सरांची मुलगी भेटली. पप्पांनी ऐंशीव्या वर्षी टायपिंग शिकून रापणीवर लेख लिहिला आणि कुणीतरी त्यांना चोर ठरवलं, तेव्हापासून ते नीट जेवत नाहीत, असं ती सांगत होती. तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, कोण आहे ते जरा बघ, म्हणाली. मान हलवून मी तिथून सटकले.

मुख्याध्यापकांच्या नावाचा लेख मराठीच्या शिक्षकाने लिहून द्यायचा, ही शाळाशाळांतली रीत. मी शिकवते तिथल्या मुख्याध्यापकांची मनोगतं आज मीच लिहिते. तरी मला हे सुचू नये? स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

सहाव्या दिवशी सरांकडे गेले. रस्ताभर जुळवलेली वाक्यं दारातच विसरले आणि पाटी मीच लावली, एवढं सांगून टाकलं. सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. स्मरणिकेतल्या लेखाचं मूळ हस्तलिखित आहे का, विचारलं. ते छापखान्यात गेलं ते परत आलंच नाही, म्हणाले. पुराव्याशिवाय बाकीचे तपासनीस ऐकणार नव्हते आणि हातात एकच दिवस उरला होता. घाबरून मी नवख्यांना देते तोच सल्ला दिला, की सर, तेवढे तीन परिच्छेद तुमच्या शब्दांत पुन्हा लिहा.

सरांनी स्क्रीनवरच्या त्या तीन परिच्छेदांवरून बोट फिरवलं.

"हेच माझे शब्द गो, चेडवा. दुसरे खंयसून आणू?"