माओरी आजीबाईंचे लघुलेखक

टेपरेकॉर्डर बोलायला लागला की खुर्चीवरून उठून उभा राहणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगू शकतो. त्या देशात लोक राष्ट्रगीताला उभे राहतात, बेसबॉलला उभे राहतात, पोस्टाच्या रांगेत तर तासन्‌तास उभे राहतात. आमचे मामा फक्त टेपसाठी उभे राहत. तेही सरसकट नाही. आवाज म्हाताऱ्या माणसाचा असला पाहिजे. बरं, एकदा म्हातारं माणूस बोलायला लागलं की टेप मध्येच थांबवायची नाही, पुढे पळवायची तर नाहीच नाही. फोन वाजो, दूध उतू जावो, आजोबांचं वाक्य पुरं झाल्याशिवाय बटणाला बोट लागायचं नाही. "वडीलधारं माणूस बोलतंय, जावईबापू, आणि आपण बूड टेकून बसायचं?" मी म्हणायचो, "अहो मामा, ते वारलेत." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "म्हणजे आणखीच वडीलधारे झाले की."

मामांनी साताऱ्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं लघुलेखक म्हणून काढली. मामी गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून माझ्या बायकोनं त्यांना आमच्याकडे, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आणलं. ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली. बेत दोन महिन्यांचा होता. पहिल्या महिन्यातच त्यांनी आमच्या घरातले सगळे नाश्त्याच्या सीरियलचे खोके मागूनपुढून वाचून काढले, बर्फ पाहून झाला, आणि ते रोज सकाळी परतीचं विमानाचं तिकीट बॅगेतून काढून त्यावरची तारीख तपासायला लागले. आम्ही दोघं दिवसभर कामावर, आमची आठ वर्षांची मुलगी इंग्रजीशिवाय बोलायची नाही. मामांना बोलायला माणूस नव्हतं. तेवढ्यात लायब्ररीत बायकोला एक कागद लावलेला दिसला: जुन्या टेप ऐकून लिहून काढायला व्हॉलंटिअर हवे आहेत.

गावातले एक प्राध्यापक काही वर्षांपूर्वी वारले होते. पूर्वी कधीतरी ते न्यूझीलंडच्या एका खेड्यात जाऊन राहिले होते आणि तिथल्या माओरी म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, म्हणजे त्या देशाच्या मूळच्या लोकांना, आपल्या आठवणी सांगायला बसवून त्यांनी कपाटभर टेप भरून आणल्या होत्या. त्यांच्या राहत्या घरातच तो खाजगी संग्रह होता आणि डॉना नावाची एक उत्साही बाई तो सांभाळत होती. मामांनी पहिली टेप लावली आणि दोन दिवसांनी लिहून दिली. डॉनानं ती वाचून मला फोन केला. "तुझ्या अंकलनी खोकलेसुद्धा लिहिलेत!" लिहिलेच होते. कोर्टाची सवय. आठवण सांगणारा तो साक्षीदार, आणि साक्षीत जे घडलं ते कागदावर आलं पाहिजे. '(साक्षीदार खोकतो. बहुधा तंबाखू.)' '(साक्षीदार हसते. कारण सांगत नाही.)' '(बाहेर कुत्रं भुंकतं. ओळखीचं माणूस आलेलं दिसतं, कारण लगेच थांबतं.)'

टेपवरची माणसं निम्मं इंग्रजीत बोलत, आणि विषय जिव्हाळ्याचा निघाला की माओरीत शिरत. बाकीचे व्हॉलंटिअर तिथं 'भाषा अस्पष्ट' असं लिहून मोकळे होत. मामांना ते अजिबात खपायचं नाही. "अस्पष्ट कसली? चांगले खणखणीत बोलतायत. आपल्याला समजत नाही, हा त्यांचा दोष आहे का?" असं म्हणून त्यांनी माओरी बोलणं सरळ देवनागरीत उतरवून घेतलं, सावकाश, पुन्हा पुन्हा ऐकून, ऱ्हस्व-दीर्घासकट; आणि मग त्यावरून इंग्रजी अक्षरांत. डॉनानं ते कागद न्यूझीलंडमधल्या एका जाणकाराकडे तपासायला पाठवले. उत्तर आलं, चुका फारशा नाहीत. पण हे उतरवून घेणारे गृहस्थ आमच्यापैकी कुठल्या गावचे? मामांनी उलट टपाली कळवलं, 'सातारा.' ते पत्र आमच्या फ्रिजवर वर्षभर चुंबकाखाली होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला मामा ते दाखवत नसत, पाणी हवं का म्हणून फक्त फ्रिजपाशी नेत असत. दाखवायचं काम मी करायचो. मला त्या पत्राचा माझ्या स्वतःच्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान होता, अजूनही आहे.

हळूहळू ते खेडं आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं. रताळ्यांची लावणी चंद्र बघून करायची, हे आम्हांला मामांनी सांगितलं. ("आपल्याकडे उपासाला, त्यांच्याकडे बारा महिने.") दुधावरच्या सायीचे कॅन डेअरीपर्यंत ओढून नेणारं घोडं वाट कशी पाठ करतं, मालक झोपला तरी कुठल्या फाटकाशी कसं थांबतं, हे ते असं सांगत की घोडं शेजारच्यांचंच असावं. गावाच्या सभाघरात पाहुण्यांसकट सगळे एका ओळीत झोपतात. कुणी वारलं तर तीन-तीन दिवस सगळा गाव जमतो, आणि त्या गेलेल्या माणसाला लोक तोंडावर रागावूनही घेतात, की न सांगता असा कसा निघालास? हे मामांना फार पटलं होतं. एकदा मात्र ते न जेवता उठले. टेपवरच्या एका आजोबांनी सांगितलं होतं, की शाळेत आईच्या भाषेत बोललं म्हणून मास्तरांनी छड्या मारल्या, आणि घरी आईला वळ दिसू नयेत म्हणून ते नदीत उशिरापर्यंत पोहत बसले. मामांनी ते सांगितलं, आणि ताटातला भात तसाच राहिला. त्या दिवसापासून आमची मुलगी त्यांच्याशी मोडकंतोडकं का होईना, मराठीत बोलायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

माओरी माणूस ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग पूर्वज, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव. ही रीत मामांनी ताबडतोब उचलली. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, सोअर क्रीमच्या श्रीखंडाच्या रांगेत ते एखाद्या नवीन आलेल्या इंजिनिअरला गाठत. "डोंगर कुठला तुमचा?" तो बिचारा म्हणे, "काका, मी फोर्डला... म्हणजे मी डिअरबॉर्नला राहतो, यार." "राहता कुठं ते विचारत नाही. डोंगर कुठला?" मुलीनं एकदा त्यांना स्पष्ट सांगितलं, "मामाआजोबा, मिशिगन इज फ्लॅट. वी डोन्ट हॅव वन." मामांनी जरा विचार केला. "नदी आहे ना, ह्यूरन? मग निम्मं काम झालं. डोंगर माझा घे."

असं सगळं सुरळीत चाललं असताना त्या आजीबाईंची टेप आली. संग्रहातल्या सगळ्यांत वयस्कर त्याच. मामा त्यांना नुसतं 'आजीबाई' म्हणत. टेपच्या पहिल्या बाजूला त्यांनी खळखळून हसत आपलं लग्न, मेंढ्यांची लोकर कातरणारी टोळी आणि पुरात वाहून गेलेला पूल सांगितला. दुसरी बाजू सुरू झाली आणि त्या इंग्रजीत प्राध्यापकांना म्हणाल्या, "आता पुढचं माझ्या नातवंडांसाठी. ते यंत्र राहू दे. तू बाहेर जा." टेपवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आवाज आला. प्राध्यापक बाहेर गेले. आणि वीस वर्षांनी, मिशिगनमध्ये, आमचे मामाही बाहेर गेले. टेप चालू ठेवून ते बोळात उभे राहिले, घड्याळ पाहून बाजू संपल्यावर आत आले आणि कागदावर त्यांनी लिहिलं, '(साक्षीदाराच्या आज्ञेवरून लघुलेखक दालनाबाहेर गेला.)' पुढची पानं कोरी.

डॉनाला पुस्तक काढायचं होतं. ती म्हणाली, सगळ्यांत महत्त्वाचा भाग तोच असणार. मामा म्हणाले, असेल. ती म्हणाली, त्या बाई वारल्या. मामा म्हणाले, साक्षीदार मेला म्हणून बंद दालनातली साक्ष उघडी होत नाही. "मनाई उठवल्याचा हुकूम दाखवा, आजच्या आज टाइप करून देतो."

"हुकूम देणार कोण?"

"नातवंडं. आणखी कोण?"

डॉना वाईट बाई नव्हती, पण छापखान्याची तारीख तिच्या मानेवर बसली होती. तिनं मामांना सांगितलं, की तुम्ही लिहिणार नसाल तर मी दुसऱ्या कुणाला तरी देईन, आणि मग तुम्हांला यायची गरज नाही. मामांनी आपल्याकडची संग्रहाच्या घराची किल्ली टेबलावर ठेवली, आजीबाईंच्या टेपचा डबा मात्र कपाटात कुलूपबंद केला आणि 'न्यायप्रविष्ट' अशी चिठ्ठी त्यावर चिकटवून घरी आले. ती चिठ्ठी डॉनाला वाचता येत नव्हती, पण त्या अक्षरांचा धाक तिला वाटला असावा, कारण तिनं डबा उघडला नाही.

घरी आल्यावर मामांनी माळ्यावरची बॅग काढली. आता खरंच जाणार, हे दिसत होतं. आणि मला कबूल करायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी डॉनाच्या बाजूचा होतो. म्हातारा माणूस एवढा रमला होता, चार पानांसाठी हट्ट कशाला? मी म्हणालो, "मामा, ऐका की. कुणाला कळणार आहे?" ते कपड्यांची घडी घालता घालता थांबले. "'कुणाला कळणार आहे' हे वाक्य मी पस्तीस वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहून घेतलंय, जावईबापू." मी खोलीबाहेर आलो.

बॅग भरून ठेवून त्यांनी एक अर्ज लिहिला. 'आजीबाईंची नातवंडं' यांस, त्या जाणकारामार्फत. अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की, अमुक टेपची दुसरी बाजू आपली आहे. ती आपण ऐकावी, किंवा कुणी ऐकावी ते सांगावं. तोवर अर्जदार ती कुणालाही ऐकू देणार नाही. एरोग्रामच्या निळ्या टपाल-कागदावर तीन बाजूंनी मजकूर, खाली सही, सहीखाली 'सातारा'. उत्तर येईतो ते थांबले, बॅग मात्र भरलेलीच. दोन महिन्यांत उत्तर आलं. आजीबाईंची एक नात शाळेत शिकवत होती, तिचं शिकागोला काहीतरी काम निघालं होतं, आणि तिथून ती ॲन आर्बरला येणार होती. तिनं डॉनालाही कळवलं होतं: ते साताऱ्याचे गृहस्थ तिथं असले पाहिजेत.

मार्चचा महिना, रस्त्याकडेला काळपट बर्फ. मी मामांना गाडीनं संग्रहाच्या घरी घेऊन गेलो. कोट, टाय, डोक्याला काळी टोपी. नात चाळिशीची, धिप्पाड, हसरी. तिनं पुढे होऊन, त्यांच्याकडच्या नमस्काराच्या रीतीनं, मामांच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. मामांनी जन्मात परक्या बाईशी हस्तांदोलनसुद्धा केलं नव्हतं. पण त्यांनी आधीच चष्मा काढून खिशात ठेवला होता. तयारीनं आले होते. मग ती बसून मामांचे कागद वाचायला लागली. खोकल्याशी हसली. कुत्र्याशी तर टाळी वाजवून म्हणाली, "आमचाच तो!" आणि मग कोरी पानं आली. कंसातली ओळ तिनं दोनदा वाचली. डॉना घाईघाईनं खुलासा करायला लागली, पण ती मामांकडे पाहत होती.

"तुम्ही खरंच बाहेर गेलात?"

"आजीबाईंनी सांगितलं होतं," मामा म्हणाले.

तिनं आम्हां सगळ्यांना बाहेर पाठवलं. मामा बोळात दाराला पाठ लावून कोर्टाच्या पट्टेवाल्यासारखे ताठ उभे राहिले. दार जुनं, फटीचं. आतून आवाज झिरपायला लागला, तसे मामा मोठ्यांदा पाढे म्हणायला लागले. बे एके बेपासून निघाले ते एकोणतिसापर्यंत. डॉनाला वाटलं हा काहीतरी धार्मिक विधी असावा. तिनं कॉफीचा कप खाली ठेवून हात जोडले. मी तिला समजावून सांगितलं नाही. आपल्या घरातलं माणूस एखाद्या परक्या म्हातारीच्या शब्दाची अशी राखण करतं आहे, हे पाहायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

दार उघडलं. नातीचे डोळे लाल होते, पण चेहरा स्वच्छ. ती मामांना म्हणाली, "आत या. मी पुन्हा लावते."

"नाही, नाही," मामा म्हणाले, "ते नातवंडांसाठी आहे."

"म्हणून तर बोलावते आहे."

सदुसष्ट वर्षांचा तो माणूस खाली वाकला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीशी जोडीनं ठेवले आणि आत गेला. दार पुन्हा लागलं. डॉना आणि मी बाहेरच राहिलो.

ती टेप नात आपल्याबरोबर घरी घेऊन गेली. पुस्तक निघालं, त्यात ती पानं कोरीच आहेत, आणि त्यांच्या खाली मामांचा कंस. मामांनी पुढे तीन वर्षं राहून कपाट संपवलं आणि मगच ते साताऱ्याला परत गेले. त्या दुसऱ्या बाजूला काय होतं हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. डेट्रॉइटच्या विमानतळावर मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, आता तरी सांगा, आजीबाई काय म्हणाल्या?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही कुणाचे नातू?"

मी माझ्या आजोबांचं नाव सांगितलं.

"मग ते काय म्हणाले, ते आठवा," म्हणाले, आणि पासपोर्ट हातात धरून आत गेले. ती आमची शेवटची भेट. मी तेव्हापासून आठवतो आहे. आजोबा रोज अंगणात बसून पुष्कळ काही सांगायचे, आणि मी खेळायला पळायचो.