चिनी गुरूच्या पवित्र्यातला गणपती

चिनी हाणामारीचा तो सिनेमा पेणला हिंदीत लागला, तेव्हा चौकात चिनी मालावर बहिष्कार घालण्याचा फलक अजून टांगलेला होता. फलक लावणारे पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला हजर होते. मध्यंतरात त्यांच्यातल्या एकाला मी याबद्दल विचारले. हातातला वडापाव संपवून तो म्हणाला, "हिंदी बोलतायत ना? मग आपलेच झाले."

सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. एक म्हातारा गुरू डोळ्यांना काळी पट्टी बांधून बांबूच्या शेंड्यावर एका पायावर उभा राहतो आणि खालून येणाऱ्या तलवारवाल्यांना नुसत्या आवाजाच्या अंदाजाने लोळवतो. शेवटी तो तळ्याच्या पाण्यावरून धावत निघून जातो. माझ्या मागच्या रांगेत धरमतरकडून आलेले मिठागरातले कामगार बसले होते. पट्टी, बांबू, तलवारी हे सगळे त्यांनी निमूटपणे मान्य केले. पाण्यावरून धावणे मात्र त्यांना पटले नाही.

"भरतीचं पाणी हाय म्हणून धावतोय," एक जण म्हणाला. "ओहोटीला चिखलात उतर म्हणावं."

"मांडीपर्यंत रुतंल की."

"मग पट्टी सोडंल आपसूक."

त्या खेळात एवढी नेमकी समीक्षा दुसऱ्या कोणी केली नाही. बाकीचे शिट्ट्या मारत होते.

पेणमध्ये सिनेमा चालला की नाही, याचा निकाल थिएटरात लागत नाही. तो गणपतीच्या कारखान्यात लागतो. गाजलेल्या सिनेमाच्या पोस्टरवर नायक ज्या पवित्र्यात उभा असतो, त्याच पवित्र्यात काही महिन्यांनी इथे गणपती उभा राहतो. युद्धाचा सिनेमा आला की गणपती रथात बसतो, पोलिसाचा आला की खाकी घालतो. भक्तांना यात वावगे वाटत नाही आणि कारखानदारांना वाटून परवडत नाही. मी एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. मूर्तींची बातमी दर वर्षी द्यावी लागे, म्हणून एका कारखान्यात माझे उठणे-बसणे होते. रोह्याच्या एका सार्वजनिक मंडळाचे अध्यक्ष मोबाइल पुढे धरून आत आले, तेव्हा मी तिथेच चहा घेत होतो.

मोबाइलवर बांबूवरचा चिनी गुरू थांबवून ठेवलेला होता.

"सेम असाच पाहिजे," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्षांची घाई समजण्यासारखी होती. नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांच्या वॉर्डातून पक्षाचे तिकीट मागणारे दोघे होते. ते स्वतः आणि पलीकडच्या आळीतल्या मंडळाचा अध्यक्ष. पक्षाचे जिल्ह्याचे नेते पहिल्या दिवशी दोन्हीकडे आरतीला येणार होते. ज्याच्या मांडवात गर्दी जास्त, त्याचे तिकीट, असे त्यांनी दोघांनाही वेगवेगळे बोलावून सांगितले होते.

कारखानदाराने फोटो आडवा-उभा करून पाहिला. "एका पायावर उभा राहील. आत सळई घालू. पण ही पट्टी?"

"पट्टी मेन हाय. पट्टी नसंल तर कोण ओळखणार?"

कोपऱ्यात एक बाई मूर्तींचे डोळे रंगवत बसली होती. या कामाला आखणी म्हणतात. ते सर्वांत शेवटी होते आणि ते झाल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही. तिने मान वर न करता विचारले, "मग मी काय करू? घरी जाऊ?"

"ताई, या मूर्तीला डोळ्यांचं काम नाय," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांना कर्तव्याची आठवण झाली असावी. कारखानदाराकडे वळून त्यांनी ठणकावले, "मुकुटातली लायटिंग मात्र इंडियन पाहिजे. चिनी माल आमच्या मांडवात चालत नाय."

कारखानदाराने मान डोलावली. गिऱ्हाईक जुने होते.

चतुर्थीला मी रोह्याला होतो. पेणहून निघणाऱ्या मूर्तीचा चेहरा कापडाने झाकलेला असतो आणि मांडवात पूजेच्या वेळी तो उघडतात. तसा तो उघडला. ढोल वाजले, गुलाल उडाला, आणि गुलाल खाली बसला तरी कोणी हात जोडेना. आळीतले सगळे वाट पाहत उभे होते. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शेवटी कार्यकर्त्यांना हटकले.

"अरे, अजून एक फडका राह्यलाय. काढा की."

"आजी, तो फडका नाय, डिझाइन हाय," अध्यक्ष म्हणाले.

"मग डिझाइन काढ न् तोंड दाव देवाचं."

एक कार्यकर्ता खुर्चीवर चढून पट्टीची गाठ शोधू लागला. अध्यक्षांनी त्याला शर्टाला धरून खाली ओढले.

गुरुजींनी पूजा सुरू केली. प्राणप्रतिष्ठेत दूर्वेने तूप लावून मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी असतो. गुरुजी तुपात दूर्वा बुडवून उभे राहिले आणि उभेच राहिले.

"डोळे कुठे आहेत?"

"आत हायत," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही पाहिलेत?"

अध्यक्षांनी कारखानदाराला फोन लावला. गडबडीत त्यांच्याकडून स्पीकर चालू झाला, त्यामुळे उत्तर सगळ्या मांडवाने ऐकले. "आत कसले डोळे? पट्टी साच्यातूनच आलीय. आत नुसतं प्लास्टर. तुम्हीच बोलला ना, डोळ्यांचं काम नाय?"

छिन्नी आणून पट्टी फोडावी, असे एका कार्यकर्त्याने सुचवले. गुरुजींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो प्रसादाच्या कामाला निघून गेला. भंगलेली मूर्ती पुजता येत नाही. एवढी मोठी दुसरी मूर्ती त्या दिवशी अख्ख्या पेणमध्ये शिल्लक नव्हती. नेते संध्याकाळच्या आरतीला येणार होते. पलीकडच्या आळीत गणपती केव्हाच बसला होता, रथात, दोन्ही डोळ्यांनिशी, आणि तिथला लाऊडस्पीकर इथपर्यंत ऐकू येत होता. अध्यक्षांनी पुन्हा पेणला फोन लावला. या वेळी आवाज हळू होता आणि शब्दही नम्र होते.

दुपारच्या गाडीने आखणीवाली बाई आली. घरचा गणपती दिराच्या हवाली करून आली होती आणि ते तिने प्रत्येकाला सांगितले. शिडीवर चढून तिने ब्रश काढले आणि खाली विचारले, "डोळे पट्टीवरच काढायचे ना? मग भुवया पट्टीवर घेऊ का पट्टीच्या वर?"

"ताई, काय पन करा, फक्त दिसू द्या."

"कोणाला? देवाला का तुम्हाला?"

बायका हसल्या. सकाळपासून त्या मांडवात कोणी पहिल्यांदाच हसले होते.

तिने काळ्या पट्टीवर पांढरे, टपोरे, चांगले डोळे काढले. गुरुजींनी त्यांना तूप लावून विधी पुरा केला. जवळून पाहिले तर काम अव्वल होते. रस्त्यावरून पाहिले तर गणपतीने गॉगल घातला होता.

ही बातमी मी पाठवण्याआधीच रोह्यात पोहोचली. आरतीच्या वेळेला आळीत पाय ठेवायला जागा उरली नाही. लोक खिदळत येत, मूर्तीपुढे आल्यावर गंभीर होऊन हात जोडत, फोटो काढत आणि पुन्हा खिदळत बाहेर पडत. पलीकडच्या मंडळाचे कार्यकर्तेही आरती टाकून आले होते. सिनेमा पाहिलेले त्या गर्दीत थोडे होते, आणि समजावून सांगण्याची जबाबदारी त्यांनी घेतली होती.

"अगो, तो चिनी मास्तर हाय ना, तो बांबूवर..." एकाने आपल्या आत्याला सांगायला सुरुवात केली.

"मेल्या, देवाला चिनी म्हणतोस? गप रव्ह."

नेत्यांची गाडी आळीच्या तोंडाशी अडली. त्यांना उतरून चालत यावे लागले, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला तो मांडवापर्यंत उजळतच होता. अध्यक्ष हार घेऊन उभे होते. आरती झाली. नेत्यांनी मान वर करून मूर्ती नीट पाहिली.

"हा गॉगल कशासाठी?"

चिनी सिनेमाचे नाव काढावे, तर नेत्यांच्याच सहीचा बहिष्काराचा फलक रोह्यातही लागलेला होता. अध्यक्षांनी एका दमात सांगितले, "पर्यावरणाचा संदेश आहे साहेब. ऊन वाढलंय. देवालासुद्धा सहन होत नाही."

मांडवाच्या ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

"छान," नेते म्हणाले. "संदेश पाहिजेच." मग सोबतच्या माणसाकडे वळून त्यांनी विचारले, "पलीकडे किती होते?"

"पलीकडचे इकडंच आलेत साहेब," तो म्हणाला.

कोण पाया पडायला आले आणि कोण हसायला, हे वेगळे मोजण्याची पद्धत पक्षात नव्हती. तिकीट अध्यक्षांना मिळाले. प्रचाराच्या पहिल्या पत्रकावर त्यांच्या नावाआधी 'पर्यावरणप्रेमी' असे छापले होते, आणि त्यांच्या विरुद्ध बोलायला पलीकडच्या आळीत कोणी सापडले नाही, कारण त्या दिवशी काढलेल्या फोटोंत तेही मूर्तीपुढे हात जोडून उभे होते.