झेरॉक्समधली तेरावी गाठ

तीस वर्षं बातमीदारी केली की दोन ढीग साठतात. छापून आलेल्या कात्रणांचा ढीग माळ्यावर असतो, त्याला वाळवी लागते. डेस्कनं कापून टाकलेल्या ओळींचा ढीग डोक्यात असतो, आणि तो काही केल्या कमी होत नाही. वालूरच्या निर्मलाताईंच्या ओसरीवरचे हे किस्से त्या दुसऱ्या ढिगातले.

ताई दुपारी तिथं टॅटिंग शिकवतात. होडीसारखं छोटं शटल, त्यात गुंडाळलेला दोरा, आणि गाठीला गाठ लावत केलेल्या बारीक रिंगांची लेस. मीही शनिवारी सेलूहून एसटीनं जाते. त्या वर्गातली सगळ्यात ढ विद्यार्थिनी मीच!

*

सुरुवात परभणीच्या एका प्रदर्शनात झाली. एका स्टॉलवरची लेस बघून ताई जागच्या हलेनात. आपल्या नेहमीच्या लेसमध्ये एक रिंग संपली की थोडा मोकळा दोरा सोडून दुसरी सुरू करतात. इथं रिंगेला रिंग चिकटलेली, मध्ये दोरा नाहीच! रिंग जिथं सुरू होते तिथंच संपते. मग दोरा वरच्या टोकाला पोचला कसा?

ताईंनी अदबीनं विचारलं. स्टॉलवाल्या बाई मोठ्या शहरातून आलेल्या. म्हणाल्या, "हे नुसतं बघून येत नसतं हो. आणि तुमच्या खेड्यात शिकवणार कोण?"

मी भांडले. भांडता भांडता मोबाइलवर फोटोही काढला. तो हलला. रागात काढलेला फोटो हलतोच!

परतताना ताई अख्खा रस्ता माझ्या मोबाइलवर तो हललेला फोटो बघत होत्या. वालूरला उतरताना म्हणाल्या, "हे उमगेपर्यंत वर्ग बंद. शिकवणारी म्हणून आता मी त्या ओसरीवर बसणार न्हाई."

कित्येक वर्षं चाललेला वर्ग एका वाक्यानं बंद झाला. त्या बाईंना त्याचा पत्ताही नसेल.

*

वर्ग बंद, पण बायका येतच राहिल्या. शिकायला नाही, फोटो बघायला.

एकेका रिंगेचा फोटो मोठा करून झेरॉक्स काढल्या. भिंग घेऊन गाठी मोजणं सुरू झालं. ताई म्हणायच्या, तेरा. गावात ब्लाऊज शिवणाऱ्या रझियाभाभी म्हणायच्या, बारा. दोन दिवस वाद! ताईंनी तेरा गाठींच्या रिंगा करून पाहिल्या, सगळ्या वाकड्या.

तिसऱ्या दिवशी रझियाभाभी स्वतःच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आल्या. त्याच दुकानातली, त्याच डागाळलेल्या काचेवरची.

"ताई, ही बघा तुमची तेरावी गाठ. माझ्या गालावर आलीया!"

*

मी या सगळ्याची बातमी पाठवली. संध्याकाळी डेस्कवरून फोन. पोरगेलासा आवाज. "मॅडम, यात बातमी काय आहे?"

"एका बाईचा अपमान झालाय आणि ती उत्तर शोधते आहे."

"तसं नाही, पण... काही घडलंय का? मोर्चा, निवेदन? कोणी उपोषणाला बसलंय का?"

मी फोनवरच तापले. खेड्यातली बाई उपाशी बसली तर बातमी, डोकं लावून बसली तर नाही?

ताई शेजारीच होत्या. शटलमधला गुंता सोडवत शांतपणे म्हणाल्या, "सांग की त्याला, बसलोय म्हणून. दोन महिने झाले."

*

मग रझियाभाभींनी कमाल केली. सुट्या सुट्या रिंगा केल्या, दोरे कापले, आणि सुईनं एकमेकींना अशा जोडल्या की फोटोशेजारी ठेवल्यावर मला फरक सांगता येईना. मी टाळ्या वाजवल्या. "सुटलं! आता वर्ग सुरू करा!"

ताईंनी ती पट्टी उलटसुलट करून पाहिली. "दिसायला तसंच हाय, रझिया. हात लय साफ हाय तुझा. पण ते असं झालेलं न्हाई."

"कुणाला कळायलंय, ताई?"

"मला."

त्या दिवशी एसटीत मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. ज्या सभांना गेलेच नाही, त्यांच्या बातम्या मीही लिहिल्या आहेत. इकडून तिकडून विचारून, तुकडे जोडून. दिसायला अगदी बातमीसारख्या. आजवर कोणी पकडलं नाही, याचा मला अभिमान होता!

*

खुरपणीचे दिवस आले. ताईंच्या रानात सीताबाई नावाची बाई कामाला असते. हिवाळ्यात नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, बाकी वर्षभर गावात. पाणी प्यायला ओसरीवर टेकली होती. आम्ही पुन्हा त्याच रडगाण्यावर: दोरा खाली संपतो, वर जात नाही.

सीताबाईनं तांब्या खाली ठेवला. "बाई, तुमी समद्या एकाच अंगानं जायलाव."

"म्हंजी?"

"माझं न् माझ्या जावंचं भांडण झालं का आमी एकमेकीचं तोंड बघत न्हाई. एका सरीला ती तिकडून लागती, मी इकडून. तोंड बघायचं नसलं तरी मधी भेटावंच लागतंय की!"

बायका हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी डब्यातून दुसरं शटल काढलं. अर्धी रिंग एका शटलनं या अंगानं, उरलेली अर्धी दुसऱ्या शटलनं त्या अंगानं. दोन्ही दोरे वरच्या टोकाला भेटले. तिथूनच पुढची रिंग सुरू झाली. मध्ये मोकळा दोरा नाही.

ताईंनी मान वर केली. सीताबाई रानाकडे निघालीसुद्धा होती.

*

वर्ग सुरू झाला. पुढं एक साहेब आले, कसल्याशा महिला प्रशिक्षणाचा फॉर्म भरून घ्यायला. चिकटलेल्या रिंगांची लेस पाहून खूश झाले.

"हे नवीन तंत्र शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचं नाव?"

ताईंनी सीताबाईला रानातून बोलावून घेतलं. ती मातीच्या हातांनी दारात उभी. "साहेब, मला कशाला गुतवायलाव यात?"

"यांना टॅटिंग येतं?"

"न्हाई," ताई म्हणाल्या. "शटल हातात धरलेलं न्हाई तिनं."

"अहो, मग शिक्षण? एखादा कोर्स, डिप्लोमा?" साहेबांनी पेन रोखलं. "फॉर्मवर रकाना आहे, मॅडम. रिकामा सोडता येत नाही."

माझ्या जिभेवर तीस वर्षांचा संताप आला होता. ताईंनी हातानंच मला थांबवलं.

"रिकामा कशाला सोडता? लिहा, खुरपणी."