लाथ आणि नमस्कार

एका इंग्रज माणसाची सगळी कारकीर्द माझ्या लाथेवर उभी आहे. (ही बढाई नाही, तो स्वतःच तसं सांगत असे.)

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर होतो. थंडी मरणाची, आणि अंगात पुण्याहून आणलेला एकुलता एक स्वेटर! त्या हिवाळ्यात लंडनहून पीटर नावाचा तरुण दिग्दर्शक टेलिव्हिजनच्या विनोदी कार्यक्रमाचं चित्रीकरण करायला आला. इंग्रजी-जर्मन दोन्ही येतं म्हणून त्याने मला दुभाष्या म्हणून धरलं. त्याचं हे पहिलंच स्वतंत्र काम. "आज हा प्रसंग झाला नाही, तर मला परत रेडिओवर दारं आपटायचे आवाज काढायला पाठवतील," तो म्हणाला. त्यात चित्रीकरणासाठी गावातला चौक फक्त चारपर्यंत मोकळा मिळालेला. "आल्झो (म्हणजे 'तर मग'), चार म्हणजे चार!" असं तिथला पोलीस दर दहा मिनिटांनी बजावत होता.

प्रसंग सोपा होता. रागावलेल्या प्रवाशाने वाकलेल्या हमालाला मागून लाथ मारायची. पण लाथ मारणारा नटच बर्फावर घसरला आणि त्याचा पाय मुरगळला. पीटर रडकुंडीला आला.

"त्यात काय! हे मारतील की!" चित्रीकरण बघायला आलेली माझी बायको सुमती म्हणाली. (घरात मी कधी भांडंसुद्धा आपटलेलं नाही!) आणि दुभाष्या मीच असल्यामुळे हे इंग्रजीत मलाच सांगावं लागलं.

मला एक जाडजूड ओव्हरकोट चढवला. त्या उबेत मी कुणालाही लाथ मारायला तयार झालो असतो. हमाल झालेले नट साठीचे, केस पांढरेशुभ्र. मी लाथ घातली आणि लगेच वाकून, त्यांना हात लावून नमस्कार केला.

"कट! हे काय?"

"पाय लागला ना!"

दुसऱ्यांदा पीटरने माझे हात खिशात घालायला लावले. लाथ झकास बसली, हातही खिशातच राहिले. पण गर्दीतून सुमती धावत आली आणि माझ्या वतीने त्यांच्या पाया पडली!

"अहो, वडिलांच्या वयाचे आहेत ते! जरा हळू मारा की!"

तिसऱ्यांदा माझ्या दोन्ही हातांत बॅगा दिल्या. मी लाथ मारली, बॅगा सोडल्या आणि वाकलो. एक बॅग पीटरच्या पायावर पडली आणि तो एका पायावर नाचू लागला.

"चार वाजले!" पोलीस म्हणाला.

पीटर मटकन त्याच बॅगेवर बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ते म्हातारे नट खदखदून हसू लागले. मग कॅमेरामन हसला. मग चक्क पोलीससुद्धा!

पीटरने मान वर केली. "कॅमेरा चालू होता?"

"तिन्ही वेळा!"

त्याने तिन्ही लाथा, नमस्कारांसकट, एकापुढे एक जोडल्या. लंडनमध्ये लोक हसून लोळले आणि पीटरला कामावर काम मिळत गेलं. तो कोट त्याने मलाच देऊन टाकला. जर्मनीतले पुढचे सगळे हिवाळे मी त्यातच काढले. परक्या मुलखात मी त्याचा दिवस मातीत घालायला निघालो होतो, आणि त्याने मला मित्र मानलं. हे उपकार मी विसरणार नाही.

काही वर्षांनी त्याने आम्हाला लंडनला जेवायला बोलावलं. भरल्या टेबलापुढे तो म्हणाला, "माझी कारकीर्द सुरू झाली ती यांच्या लाथेने!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी भारावून उठायला गेलो आणि टेबलाखाली माझा पाय त्याच्या पायाला लागला.

मी पुरता टेबलाखाली गेल्यावर वरून सुमतीचा आवाज आला, "अहो, या वर! आज कॅमेरा नाहीये!"