फाया वापस दे

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या गंध्यानं, अत्तरवाल्यानं, मला फसवलं. गुलाब सांगून रोशा गवताचं तेल दिलं, आणि एका नवरीच्या केसांना जो वास आला तो माझ्या नावावर बसला.

तुम्हीही त्याला पाहिलं असेल. मोर्णा नदीच्या उतारावर कासारणीच्या शेजारच्या ओट्यावर पेटी उघडून बसायचा. येईल त्याच्या हातावर अत्तराचा फाया ठेवायचा, आणि माणसानं चार श्वास घेतले की तळहात पुढे करायचा. "अत्तर फुकट, बाई. फाया मातर वापस दे. कापूस सोन्याच्या भावानं चालला."

सगळा बाजार हसायचा. साता समुद्रापार लढाई लागून तिकडचा कापूस अडलेला, इंग्रजाचा डोळा आमच्या बोंडांवर, जो तो गाडीभर कापूस घेऊन श्रीमंत व्हायला निघालेला. अशा दिवसांत बोटभर कापूस परत मागणारा गंधी गमतीचाच वाटायचा. मीही हसले. हसले म्हणूनच फसले.

मी पातूरची. शिकेकाईची टोपली डोक्यावर घेऊन अकोल्यात आले. पुढे शिकेकाई, रिठा, आवळा कुटून केस धुवायची भुकटी करू लागले. तिला सुगंध लावायची अक्कल याच माणसानं दिली, हे मी नाकारत नाही. पेटीपुढे बसवून घ्यायचा. "मोगरा नको, रिठ्यासंगं आंबूस मारते. चंदन शिकेकाईत बुडून जाते. खस घे, उन्हाळ्यात बाया दुवा देतीन." मी घाई केली की कुपीला बूच लावून टाकायचा. "वास नाकानं नाही, सबुरीनं घ्या लागते." माझ्या बापानंही मला इतक्या मायेनं काही शिकवलं नव्हतं.

अमरावतीच्या एका कापूस-व्यापाऱ्याच्या घरून लेकीच्या लग्नाच्या न्हाणासाठी भुकटी मागवली. त्यांना गुलाबच हवा होता. मी गंध्याशी दुपारभर घासाघीस केली.

"खरा हाय ना?"

"तुले खोटा देईन काय, बाई?"

फाया हुंगला. गुलाबच. त्यानं तळहात पुढे केला, मी फाया परत दिला आणि कुपी घेतली.

न्हाणाच्या दिवशी मी तिथंच होते. भुकटीवर कढत पाणी पडलं आणि न्हाणीघरात कापलेल्या गवताचा वास सुटला. नवरीची आई म्हणाली, "पोरीले सासरी धाडून राहिलो का गोठ्यात?" बाया हसल्या. नवरी हसली नाही. ओल्या केसांनी भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हापासून अमरावतीत मी 'वैरणवाली'. एका घरानंही पुन्हा भुकटी मागवली नाही.

परत आल्यावर मी भांडले नाही, आणि माझा भांडखोर स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. सकाळीच जाऊन गुलाबाचा फाया मागितला, त्याची नजर चुकवून अंबाड्यात खोचला आणि त्याऐवजी त्याच्या तळहातावर वातीचा कोरडा कापूस ठेवला. त्यानं न पाहता पिशवीत टाकला. सांज होईतो गुलाब उडून गेला. उरलं ते रोशा गवत, पातूरच्या टेकड्यांवर लहानपणी मी ज्याचे भारे बांधले तेच. कापसाची चिंता त्याला कधीच नव्हती. सकाळचा फाया संध्याकाळी खरं बोलतो, म्हणून तो आधीच काढून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा.

"गेला ना थो," कासारीण म्हणाली. "कापसाचा भाव पडला, अत्तर कोण घेते आता? उशी तेवढी राह्यली त्याची."

उशी उसवली. आत फायेच फाये. साऱ्या गावाकडून परत घेतलेले, आणि वास त्याच गवताचा.

ती उशी आता माझ्या ओट्यावर आहे. आजही खस निवडताना माझा हात आपोआप बूच लावून थांबतो, आणि मग मला माझाच राग येतो. तो तुम्हाला कुठं भेटला तर सांगा, पैसे नकोत. माझ्यासोबत अमरावतीला चल म्हणावं. त्या आईसमोर, तिच्या लेकीसमोर या उशीत नाक खुपस, सबुरीनं वास घे, आणि सांग, हे कुठलं फूल आहे.